मुलाखत माजघरात झाली

अन्याय झाला तो कुमुद शेवडे हिच्यावर. कधी झाला तेही नेमकं सांगतो, म्हणजे नंतर कोणी "तसं काही नव्हतं हो" म्हणायला नको. राज्यांची पुनर्रचना झाली त्या वर्षी, ज्येष्ठातल्या दुसऱ्या सोमवारी, सकाळी साडेदहा ते साडेबारा. जागा : उज्जैन, फ्रीगंजातल्या एका प्रतिष्ठित घराचं माजघर. त्या दोन तासांत कुमुदच्या हातात पोह्यांची बशी होती, कपाळावर ताजं कुंकू होतं, आणि बाहेरच्या बैठकीत एका छापील कागदावर तिच्या नावापुढे "गैरहजर" असा शेरा पडत होता.

अन्याय करणारे दोघे. एकाचं नाव मी लिहिणार नाही. ते वयोवृद्ध आहेत, आणि पुढे त्यांनी जे केलं त्यानंतर नाव छापणं मला शोभणार नाही. दुसरा म्हणजे हा लेख लिहिणारा मीच.

आधी माझं काम काय ते सांगतो, कारण ते काम आहे यावर माझ्या घरच्यांचाही विश्वास नाही. देवास गेटला मोटार स्टँडच्या समोर एक छापखाना आहे. त्याच्या माडीवर एक खोली. खोलीत एक टेबल, दोन बाकं, एक नकाशा आणि मी. बाहेरगावच्या कॉलेजांचे अर्ज इथे भरून मिळतात, दाखले कुठून आणायचे ते सांगितलं जातं, मुलाखतीची तयारी करून घेतली जाते. गावात तिला "अर्जवाली खोली" म्हणतात. या एकाच खुर्चीवर बसून मी तीन राज्यांत काम केलं. आलो तेव्हा ग्वाल्हेर संस्थान होतं, मग मध्य भारत झाला, आता मध्य प्रदेश. खुर्ची तीच, फक्त अर्जातला "राज्य" हा रकाना दर वेळी खोडायचा.

त्याच्याही आधीपासून मी पत्रकं वाटायचो. संस्थान जावं म्हणून, मग जबाबदार सरकार यावं म्हणून, मग आलेल्या सरकारनं जबाबदारीनं वागावं म्हणून. लिहायला मी पत्रकांतच शिकलो. मोठं अक्षर, छोटं वाक्य, शेवटी उद्गारचिन्ह. खालचे छापखान्याचे मालक मांगीलालजी मला अजून "नेताजी" म्हणतात, आणि ते कौतुकानं म्हणत नाहीत.

लोकांना वाटतं अर्ज भरणं म्हणजे कारकुनी. नाव, वय, वडिलांचा हुद्दा, झालं! अहो, सगळा अर्ज एका बाजूला आणि एक रकाना एका बाजूला. मुंबईचं एक व्यापार-शिक्षणाचं कॉलेज आहे. इंटरनंतर तिथे प्रवेश मिळतो, पण नुसत्या गुणांवर नाही, मुलाखत घेतात. त्या अर्जाच्या तळाशी विचारलेलं असतं : "मुलाखत कोठे देणार? संस्थेत, की स्थानिक प्रतिनिधीसमोर?" म्हणजे मुंबईला जाऊन त्यांच्या प्राध्यापकांना तोंड देणार, की आपल्याच गावात, त्यांनी नेमलेल्या गृहस्थांपुढे बसणार? प्राध्यापकांसमोर बसलात तर तुमचं तुम्ही बोलता. गावात बसलात तर तुमच्याबद्दल दुसरा कोणी चार ओळी लिहून पाठवतो. केवढा फरक! तो मला कळायला एका मुलीचा सोमवार जावा लागला.

कारण स्थानिक मुलाखतीची ही सोय मीच आणली होती.

त्याचं असं झालं. मध्य भारताच्या काळात आमच्याकडून एका मुलानं अर्ज केला. कॉलेजनं मुलाखतीचं पत्र धाडलं ते जुन्या यादीवरून, "ग्वाल्हेर संस्थान" असा पत्ता घालून. जे संस्थान उरलंच नव्हतं त्याच्या पत्त्यावर टपाल कोण आणणार? पत्र फिरत फिरत आलं तेव्हा मुलाखत होऊन आठवडा उलटला होता. मी पेटलो. पत्रक काढलं : "उज्जैनची मुलाखत उज्जैनमध्येच!" सह्या गोळा केल्या, कॉलेजला पत्रांवर पत्रं धाडली. शेवटी ते नमले. आमच्या गावात प्रतिनिधी नेमला. संस्थानी काळात मोठ्या हुद्द्यावर राहिलेले एक मराठी गृहस्थ. सगळे त्यांना रावसाहेब म्हणतात, मीही तेच म्हणतो. त्या दिवशी मी मांगीलालजींना पेढे दिले आणि ते म्हणाले, "नेताजी, आज पहिल्यांदा तुमच्या परच्याचं काही फल दिसलं."

आता माझ्या डोक्यात हवा गेली, हे कबूल करतो. वास्तविक मला उलटा धडा आधीच मिळाला होता. घाटावरच्या पंड्यांचा एक मुलगा माझ्याकडे आला होता. कॉलेज शिकलेला, पण अंगात तीच बंडी आणि गळ्यात गमछा. मी त्याला लाख सांगितलं, कोट घाल. तो तसाच मुंबईला गेला. प्राध्यापकांनी विचारलं, "गिऱ्हाईक कसं सांभाळावं, याची काही कल्पना?" हा म्हणाला, "साहेब, तुमचं गाव सांगा." त्यातल्या एकानं सांगितलं. ह्यानं त्या गावच्या चार घरांची आजोबा-पणजोबांपर्यंतची नावं घडाघडा म्हणून दाखवली, कारण ते सगळे कधी ना कधी क्षिप्रेवर येऊन त्याच्या घराण्याच्या वहीत नाव घालून गेले होते. "गिऱ्हाईक एकदा आलं की सात पिढ्या विसरायचं नाही," म्हणाला. घेतला की त्याला! असला मुलगा दुसऱ्या कुणाच्या चार ओळींत मावला असता? पण मी त्यातून काही शिकलो नाही. मला माझं पत्रक प्यारं होतं.

आणि मग कुमुद आली.

तिचे वडील स्टेशनवर पार्सल ऑफिसात. मूळ भुसावळकडचे, रेल्वेच्या नोकरीमुळे इथे आले आणि इथलेच झाले. कुमुद लहानपणी डबा घेऊन पार्सल ऑफिसात जायची आणि तिथेच गाठोड्यांवर बसून अभ्यास करायची. कुठल्या महिन्यात कुठला माल येतो आणि कुठला जातो, तिला तोंडपाठ. तिनं स्वतःच्या हातानं अर्ज भरून आणला होता. त्या रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं : "संस्थेत."

"अगं, हे काय?" मी म्हणालो.

"मुंबईला जाते ना दादा. बाबांचा पास आहे, दादरला मावशी आहे. मला ते कॉलेज पाहायचंय."

"प्रवेश मिळाला की बघ पोटभर. इथे सोय आहे. भांडून मिळवलेली आहे."

"ते मालूम आहे. पण मला वाटतं, मी समोर बसून बोलले तर…"

"इतक्या लांब जाशील, मुंबईच्या पोरांत बसशील, बुजशील. आपला माणूस आपल्या गावात आहे ना?"

मी तिचा "संस्थेत" हा शब्द खोडला, वर "स्थानिक" लिहिलं आणि तिच्याकडून बाजूला सही घेतली. मला त्या वेळी फार मोठं काम केल्यासारखं वाटलं. वाचकहो, तो शब्द मी खोडला. माझ्या हातानं.

सोमवारी साडेबारा वाजून गेल्यावर कुमुद जिना चढून आली. तिनं माझ्या टेबलावर एक नारळ ठेवला.

"दादा, मुलाखत झाली. हे मिळालं."

मला आधी कळेचना. मग तिनं सांगितलं. ती बरोब्बर साडेदहाला रावसाहेबांच्या दारात गेली. ओसरीवर चार मुलं रांगेत बसलेली. घरातल्या नोकरानं मुलगी पाहिली आणि हात जोडून म्हणाला, "बाईसाहब, आप अंदर पधारिए." ह्या जुन्या दरबारी घरांची रीतच तशी. पुरुष आला तर बैठकीत, बाई आली तर थेट माजघरात. तिला वाटलं, मुलींची मुलाखत आत घेत असतील. आत रावसाहेबांच्या पत्नी, ज्यांना सगळे काकीसाहेब म्हणतात, त्यांनी तिला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, पोहे दिले, कुणाची कोण विचारलं. ही वाट पाहत बसली, आता बोलावतील, मग बोलावतील. साडेबाराला निघताना काकीसाहेबांनी नारळ दिला. बाहेर आली तर ओसरी रिकामी, मुलाखतीच्या कागदांचा लिफाफा टपालात गेलेला, आणि नोकर म्हणतो, "कागज पर तो आपका गैरहाजिर लिखा है."

मी तसाच उठून फ्रीगंजात गेलो. रावसाहेब झोपाळ्यावर बसले होते.

"काय रे पत्रकवाल्या, आता काय जाळायचं आहे?"

"रावसाहेब, शेवड्यांची कुमुद आज दोन तास तुमच्या घरात होती."

"हो का? मला वाटलं, आमच्या मंडळींकडे कोणी आलंय. छान मुलगी असेल."

"ती मुलाखतीला आली होती! तुम्ही गैरहजर लिहिलंत."

"मग? नाव पुकारलं, ओसरीवर नव्हती. ओसरीवर नाही म्हणजे गैरहजर."

"आत बसवली तुमच्याच माणसानं!"

"मग काय चार मुलांच्या रांगेत बसवायची होती? परक्याची मुलगी घरी आली, तिचा मान ठेवायला नको?"

यात त्यांचा जरासुद्धा दुष्टावा नव्हता. खरंच सांगतो, दुष्टावा असता तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी तिचा मानच ठेवला होता. फक्त तिला काय हवं ते कोणी विचारलं नव्हतं. मी म्हणालो, कॉलेजला तार करून शेरा बदला. ते झोपाळा थांबवून म्हणाले, "चिरंजीव, चाळीस वर्षं नोकरी केली. एकदा लिहिलेला शेरा मी कधी खोडला नाही. खोडणारा माणूस बेभरवशाचा."

मला त्या क्षणी माझं खोडलेलं आठवायला हवं होतं. आठवलं नाही. मी परत आलो आणि मला जे येतं तेच केलं, पत्रक लिहिलं. "माजघरात कोंडलेली विद्या!" असा मथळा. रावसाहेबांना "संस्थानी अवशेष" म्हटलं. मांगीलालजींनी छपाईचे खिळे जुळवता जुळवता विचारलं, "नेताजी, ये परचा पढ़के वो लोग लड़की को ले लेंगे?" मी म्हणालो, "तुम्ही छापा."

बुधवारी सकाळी कच्चा छाप ओला असतानाच कुमुद आली. तिनं तो उभ्या उभ्या वाचला. पूर्ण वाचला. मग म्हणाली, "दादा, यात माझं नाव चार वेळा आलंय. मला काय पाहिजे ते एकदाही नाही."



"काय पाहिजे तुला?" मी विचारलं. पहिल्यांदा विचारलं.

"मुंबईला जायचंय. तिथल्या मुलाखती शुक्रवारी आहेत. यादीत नाव नसलं तरी दारात उभी राहीन."

"आणि हाकलून दिलं तर?"

"तर हाकलल्यावर परत येईन. पण न जाता घरी बसले तर मी खरंच गैरहजर ठरेन ना!"

मांगीलालजींनी खिळ्यांची पेटी खाली ठेवली. "बेटी," ते म्हणाले, "ये परचा मैं नहीं छापता." पहिल्यांदाच मी त्यांच्याशी भांडलो नाही. पत्रकाचा गोळा करून टोपलीत टाकला.

आता पाहा, माझ्या कामात एक गोष्ट पक्की असते. नुसतं तोंडानं सांगितलेलं कोणी ऐकत नाही, कागद लागतो. कुमुद सोमवारी हजर होती याचा कागद कोण देणार? रावसाहेब देणार नाहीत, नोकराचा चालणार नाही. कुमुदच म्हणाली, "काकीसाहेबांना विचारते. त्यांना खोटं बोलता येणार नाही." मला हसू आलं. घराबाहेर न पडणाऱ्या बाईचा कागद मुंबईच्या कॉलेजात? पण या खेपेला तिचा शब्द खोडायची माझी छाती नव्हती. ती गेली, आणि तासाभरानं दोन पानं घेऊन आली. शाईनं लिहिलेली, ओळी थोड्या चढत गेलेल्या. मी नक्कल ठेवली आहे. त्यातलं हे :

"सदर मुलगी सोमवारी साडेदहा वाजता माझ्या घरी हजर होती. मी स्वतः तिला कुंकू लावले. साडेबारापर्यंत ती माझ्यासमोर बसली. मी तिला विचारले, दुकान चालवायला शाळेत कशाला जायचे, घर आम्ही न शिकता चालवतो. ती म्हणाली, घरात कोणाला काय लागते ते न विचारता कळते असे आपण धरून चालतो, आणि दुकानात धरून चालले तर दुकान बुडते. तिथे विचारावे लागते. विचारायला शिकायचे आहे. मी लग्न होऊन या घरी आले त्याला पुष्कळ वर्षे झाली. मला काय लागते ते आजवर कोणी विचारले नाही. उत्तर मला पटले. आपण तिला बोलावून विचारावे."

मी ते दोनदा वाचलं. मग माझ्या लक्षात आलं, त्या घरात त्या दिवशी खरी मुलाखत एकच झाली होती. ओसरीवरच्या चार मुलांना रावसाहेबांनी त्यांचे आजोबा कोणाच्या पदरी होते ते विचारलं होतं!

गुरुवारी दोघं बाप-लेक पास घेऊन नागद्यावरून मुंबईला गेली. शेवडेकाकांना सोबत जायचं होतं आणि भीतीही वाटत होती. गाडीत चढताना मला म्हणाले, "दादा, पार्सल पोचलं नाही तर परत मागवता येतं. पोरीचं काय करू?"

पुढचं त्यांनीच मला परत आल्यावर सांगितलं, त्याच माडीवर, पाणीसुद्धा न पिता. शुक्रवारी सकाळी दारावरच्या शिपायानं यादी पाहिली, नाव नाही म्हणाला. कुमुदनं ते पत्र दिलं. "आत नेऊन द्या, मी इथे उभी आहे." दुपारपर्यंत उभी. सगळी मुलं आत जाऊन बाहेर आली. शेवडेकाका दोनदा म्हणाले, चल बाळ, मावशीकडे जाऊ. ती हलली नाही. शेवटी शिपाई आला, "तुम्हाला बोलावलंय. वडिलांनाही."

आत तीन प्राध्यापक. मधल्यांच्या हातात काकीसाहेबांचं पत्र.

"या बाई कोण?"

"ज्यांनी माझी मुलाखत घेतली त्या," कुमुद म्हणाली.

"त्यांना कोणी नेमलं होतं?"

"नेमलं दुसऱ्यांना होतं, सर. घेतली यांनी."

दुसरे हसले. तिसऱ्यांनी थोडं खवचटपणे विचारलं, "तुमचं उज्जैन आता नव्या राज्यात जाणार. राजधानी बदलणार. व्यापारावर काय परिणाम होईल, सांगा बघू?" शेवडेकाका म्हणाले, मला वाटलं, वर्तमानपत्रात एवढं मोठं छापून येतं, पोरगी काय सांगणार!

कुमुद म्हणाली, "सर, राजधानी कुठेही गेली तरी सिंहस्थाला माणसं उज्जैनलाच येणार. त्यांना जेवण लागणार, पत्रावळी लागणार, जाताना क्षिप्रेचं पाणी भरून न्यायला गंगाजळीचे तांबे लागणार. मी पार्सल ऑफिसात बघत आलेय. तांबे बाहेरून येतात आणि आम्ही नुसते विकतो. राज्य बदलेल ते कागदावर. तांबे उज्जैनमध्ये बनायला लागले तर तो परिणाम."

मधल्या प्राध्यापकांनी यादी घेतली आणि तळाशी, सगळ्यांच्या खाली, स्वतःच्या हातानं एक नाव लिहिलं. शेवडेकाकांनी मला हे सांगताना हवेत बोटानं लिहून दाखवलं. एवढा मोठा माणूस, पार्सलांवर ओरडून ओरडून आवाज बसलेला, आणि डोळ्यांतून पाणी.

पंधरा दिवसांनी कॉलेजचं पत्र आलं. प्रवेश! पत्रावर पत्ता होता "मध्य भारत", आणि या वेळी टपाल एकदम ठीक आलं. खाली छापखान्यात मांगीलालजींनी यंत्र थांबवलं. माझ्या टेबलावर तो नारळ अजून तसाच होता. मी रोज त्याच्याकडे पाहून मान खाली घालत होतो. मांगीलालजींनी तो उचलला आणि छापयंत्राच्या लोखंडी पायावर असा आपटला की देवास गेटच्या मोटारवाल्यांनी वळून पाहिलं. सगळ्यांना खोबरं वाटलं. मोटारवाल्यांनासुद्धा.

रावसाहेबांचं सांगतो आणि संपवतो. ते स्वतः माडी चढून आले. वयाला झेपत नव्हतं, दोन पायऱ्यांवर थांबले. म्हणाले, "शेरा खोडत नसतो मी. पण खाली नवा लिहिता येतो." त्यांनी कॉलेजला लिहिलं होतं : "मुलगी हजर होती. गैरहजर मी होतो." आणि विनंती केली होती की पुढच्या वर्षीपासून त्यांच्या बैठकीत दुसरी खुर्ची असावी, काकीसाहेबांची. कॉलेजनं मान्य केलं. आता फ्रीगंजातल्या त्या ओसरीवर मुलं-मुली एकाच रांगेत बसतात आणि सगळे घाबरतात ते काकीसाहेबांना. रावसाहेब आजोबांचं विचारतात, काकीसाहेब तुम्हाला काय पाहिजे ते विचारतात.

कुमुद आता दुसऱ्या वर्षाला आहे. परवा तिचं पत्र आलं. तांब्यांबद्दल पाच पानं. माझ्याबद्दल एक ओळ : "दादा, हल्ली खोडता का?"

नाही खोडत. माझ्या खोलीत नियम आहे : तो रकाना ज्याचा त्यानं भरायचा. आणि फक्त माझ्या खोलीत असून भागणार नाही, म्हणून हा लेख. वाचकहो, हा अंक तुमच्या घरात आहे. घरात कोणी इंटरला असेल, मुलगा असो, मुलगी असो. अर्ज कपाटात असेल तर आत्ता काढा. त्या रकान्यात तुम्ही काही लिहिलं असेल तर मुकाट्यानं कोरा अर्ज मागवा. पेन तिच्या हातात द्या. विचारा : "तुला कुठे जाऊन बोलायचंय?" आणि ती उत्तर देईपर्यंत, कितीही वेळ लागो, तोंड बंद ठेवा.